घशात अडकलेला दाणा

मुलीच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. दोन्ही हात गळ्याशी होते, डोळे बाहेर आलेले, ओठ जांभळे पडत चालले होते. मॅडम तिच्या टाळूवर थापट्या मारत होत्या. "ऊपर देखो बेटा, ऊपर देखो! वो देखो चिडिया!" शाळेची आया तिच्या तोंडाला पाण्याची बाटली लावत होती. बाकीची मुलं शेतात उभी राहून तिच्यासोबत वर बघत होती. वर काहीच नव्हतं.

ही मुलगी माझ्या नातीच्या बालवर्गातली; आम्ही मराठी, पण राहतो इकडे हिंदी मुलखात. भाजी कुठून येते ते दाखवायला शाळेनं वर्गाला शहराबाहेर पनागरजवळ एका शेतावर नेलं होतं. सोबत घरची मोठी माणसं पाहिजेत असं कळवलं होतं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, म्हणून मला धाडलं. माझे गुडघे धड नाहीत, तरी गेले.

थंडीचे दिवस, मटाराचा हंगाम. शेतमालक भला माणूस. "खाओ बच्चों, जितना मन करे," म्हणाला. मुलं खाली बसून शेंगा सोलू लागली. मग एका पोराला दाणा वर उडवून तोंडात झेलायची लहर आली. त्याचं बघून सगळा वर्ग उडवू लागला. मॅडम टाळ्या पिटत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, बैठ के खाने दो इनको."

"अरे दादी जी, एन्जॉय करने दीजिए. रोज थोडी आते हैं."

ही मुलगी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून हसत होती. दाणा तोंडात पडला आणि हसू तिथेच थांबलं.

ठसका लागला की टाळूवर थापटायचं आणि वर बघ म्हणायचं, हे आमच्याकडे सगळेच करतात, मराठी असोत की हिंदी. कोणी आठवण काढली म्हणतात. पाण्याचा ठसका आपोआप जातो आणि लोकांना वाटतं थापटल्यानं गेला. पण ठसक्यात माणूस खोकतो. ही खोकत नव्हती. खोकत असती तर मी हातही लावला नसता.

मला हे माहीत आहे, कारण माझा पहिला मुलगा असाच गेला. चालत होता, बोलायला लागला होता. शेंगदाणा अडकला. शहरातल्या ओमती वस्तीत आमची भाड्याची खोली होती, तिथे, भर दुपारी. सासूबाई टाळूवर थापटत होत्या, मी पाणी पाजत होते, शेजारीण छताकडे बोट करून "कौआ देख, कौआ" म्हणत होती. त्याला कावळा दिसला की नाही, मला माहीत नाही. यजमानांच्या कारखान्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी मला समोर बसवलं. मांडीवर उशी पालथी घातली आणि पाठीवर कुठं, कसं ठोकायचं ते दाखवलं. "पुढच्या वेळी असं करायचं," म्हणाले. पुढची वेळ! मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पण त्यांनी दाखवलं ते मी विसरले नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यातलं बरंच विसरले. हे नाही.

मी मॅडमला बाजूला लोटलं. आयाच्या हातातली बाटली फेकून दिली. बांधावर बसले, मुलीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं तिच्या खांद्यांच्या मधोमध ठोकलं.

"दादी जी, ये क्या कर रही हैं! बच्ची को मार रही हैं!"

"हो, मारून राहिले. तुम्ही चूप राहा."

पुन्हा ठोकलं. काही नाही. माझ्या नातीनं माझा पदर धरला. तिला मराठी समजतं, बोलते हिंदीच. "आजी, ये मर गई क्या?"

"नाही. तू दूर हो."

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. मुलीचं अंग ढिलं पडत चाललं होतं. तसं अंग मी एकदा हातात धरलेलं आहे. मी आणखी जोरानं मारलं. शेतमालक रडवेला होऊन म्हणाला, "अम्मा, बस करो, छोड दो." मी सोडलं नाही.

मग दाणा पडला. अख्खा, हिरवागार, दातही न लागलेला. त्याच्यामागून मुलगी माझ्या पातळावर ओकली आणि घोगऱ्या आवाजात तिनं भोकाड पसरलं. मॅडम मातीत खाली बसल्या. तोवर जी पोरं गप्प होती तीही रडायला लागली.

शेतमालकानं आपल्या गाडीतून आम्हाला शहरात दवाखान्यात नेलं. मुलीला मीच धरून बसले होते, कारण ती माझा हात सोडत नव्हती. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, ठीक आहे म्हणाले. तिची आई कामावरून धावत आली. मुलीचा झगा वर करून बघितलं तर पाठ लाल झालेली.

"इतनी जोर से किसने मारा?"

"मैंने," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, तेव्हा ती वाकून माझे पाय धरायला लागली.

"रहने दो," मी म्हटलं. "इसको मटर मसल के दिया करो."

घरी आले तेव्हा यजमान अंगणात ऊन खात बसले होते. पातळ का खराब झालं, म्हणून विचारलं. पोरीच्या घशात मटाराचा दाणा अडकला, मी पाठीवर ठोकलं, एवढं सांगितलं. शेंगदाण्याचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही नाही. या घरात शेंगदाणे येतात ते कूट करूनच, एवढ्या वर्षांत कोणी कारण विचारलेलं नाही. ते हातातल्या काठीनं जमीन टोकरत राहिले.

"मग?" ते म्हणाले.

"ती जगली," मी म्हटलं.