गावाचा होकार

त्या गावात तोंडावर कुणी नाही म्हणत नसे. आरमोरीच्या पुढे, जंगलात बरंच आत, गोंड कुटुंबांचं गाव होतं ते. पाहुण्याला नकार देणं तिथे वाईट दिसायचं. काहीही विचारा, उत्तर एकच, "हो बाई." ज्याला नको असे, तो दुसऱ्या दिवशी फिरकत नसे. त्यांच्या लेखी एवढं पुरेसं होतं. मला तर शहरातल्या गोडबोल्या नकारापेक्षा ते बरंच वाटायचं.

मी तेव्हा मेंदूचा आलेख काढायचं काम करायची. डोक्याला छोट्या वाट्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडायच्या, की लांबलचक कागदावर लेखण्या थरथरू लागतात. ऐंशीच्या दशकात असं यंत्र आमच्या भागात दिसणं म्हणजे अप्रूपच. फिटच्या आजारावर संशोधन करणारं एक पथक शहरातून आलं होतं आणि इथल्या चार आरोग्यसेवकांना हे काम शिकवायला मला चंद्रपूरहून बोलावलं होतं. वडील वीजकेंद्रात कामाला, त्यामुळे अर्थिंगचं वेड घरातूनच आलेलं. जनरेटरची तार ओल्या मातीत नीट गाडल्याशिवाय मी कुणाला खुर्चीजवळ येऊ देत नसे. पण घसा कोरडा केला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. "आज विचारा, उद्या लावा," मी चौघांना बजावायची. "तोंडातला हो धरायचा नाही. जो घरी जाऊन विचार करतो आणि सकाळी आपल्या पायांनी येतो, त्याचाच हो खरा."

पहिल्या दिवशी फिट येणाऱ्या सगळ्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी निम्मेही आले नाहीत. पथकाचे मोठे डॉक्टर माझ्यावरच भडकले.

"हो म्हणाले होते ना? मग जीप पाठवा."

"साहेब, न येणं हाच त्यांचा नकार आहे."

"अहो बाई, आजारी माणसाला कसला आलाय नकार?"

जीप गेली. आमचं यंत्र गावच्या शाळेत मांडलं होतं, तिच्या दारातून मला गावाचा रस्ता दिसत होता. जीप पुढे सरकली तसं एकेक दार लागत गेलं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. मला ते अजिबात आवडलं नाही.

जीपमधून एका तरुण सुनेला आणलं. तिला लहानपणापासून फिट यायच्या, पण उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी गोळ्या सुरू केल्यापासून एकही आली नव्हती. गोळ्या रोज घेतल्या की ती ठणठणीत. अचानक थांबवल्या तर मात्र जिवावर बेतण्याची भीती. म्हणजे तिच्या इलाजाला आमच्या कागदाची गरज नव्हती. गरज आम्हाला होती.

वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. वाट्या लावून झाल्या की अंधार करायचा आणि डोळ्यांसमोर दिवा भराभरा चालू-बंद करायचा, अशी ती तपासणी. त्या दिव्याने फिट येऊ शकते. तेव्हा मेंदू काय करतो ते पाहायलाच ही तपासणी करतात. "आली तरी मी आहे ना," डॉक्टर म्हणाले. आहेत, पण किती दिवस?

डॉक्टरांनी घाईने तिच्या डोक्याला वाट्या लावूनही घेतल्या होत्या. मी तिच्यासमोर बसले. "करू का?"

"हो बाई."

"की नको? घरी जायचं?"

"हो बाई."

दोन्ही हो एकाच आवाजातले. तिची नजर दारावर होती आणि खुर्चीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मी वाट्या काढल्या, केसांतला लेप ओल्या फडक्याने पुसला. माझ्या चौघांपैकी एकाने न सांगता जनरेटर बंद केला. डॉक्टर मला नाही नाही ते बोलले, आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते.

ती गेली. आम्ही जिंकलो असंच मला वाटलं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू?

सकाळी शाळेच्या पायरीवर पानांत बांधलेल्या पुड्या पडल्या होत्या. उघडून पाहिल्या तर गोळ्या. फिटच्या, तापाच्या, नर्सबाईंनी आजवर वाटलेल्या सगळ्या. जे जे जीपवाल्यांचं वाटलं ते गावाने परत केलं होतं. नर्सबाई बिचाऱ्या दारोदार फिरल्या, "ह्या गोळ्या त्याइच्या नाईत, माह्या आहेत" म्हणून घसा फोडला. लोकांनी त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं, गोळ्या ठेवूनही घेतल्या. त्या कुणी गिळल्या नाहीत.

पथक आपले कागद गुंडाळून निघून गेलं. काही आठवड्यांनी नर्सबाई चंद्रपूरला आल्या तेव्हा कळलं. ती सून पाणी आणायला नाल्यावर गेली होती. तिथेच फिट आली. पाणी घोट्याएवढंच, पण ती पालथी पडली होती. राग कुणावर काढावा तेच कळेना.

पुढच्या शिकवणीला ते चौघे पुन्हा समोर बसले. जनरेटर बंद करणारा उभा राहिला.

"बाई, आपण तं तिले सोडलं होतं. दिवासुद्धा लावू देला नाई कोणाले. मंग ते काऊन मेली?"

"सोडलं नंतर," मी म्हटलं. "आधी आणलं होतं."