बोटीची तिसरी वही

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतलं माझं किराणा दुकान तीस वर्षांत सलग आठ दिवस कधी बंद राहिलं नव्हतं. या वर्षी ठेवलं. वडनेरचा पुरुषोत्तम माझा शाळेपासूनचा दोस्त, वांगी-टमाटर पिकवणारा माणूस. पन्नाशी उलटली तरी दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता. बायकांनी साफ सांगितलं, हौस तुमची, तुम्हीच जा. पुरुषोत्तमचे वडील ऐंशीच्या पुढचे, दम्याचे. त्यांच्यापायी तो मागेपुढे पाहत होता, तर म्हाताऱ्यांनीच ‘जाऊन ये’ म्हणत त्याला घराबाहेर काढलं. नागपूरहून कोची, आणि तिथून लक्षद्वीपच्या एका बेटावर नेणारं, आपल्या एसटीपेक्षा फार मोठं नसलेलं विमान.

वरून बेट दिसलं ते एवढुसं. कडेचं पाणी इतकं हिरवं, की पुरुषोत्तम म्हणाला, ‘फवारणी जास्त झाली वाटते.’ आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंना, दोन धडधाकट माणसं मासे खात नाहीत हे पटेचना. तिथं प्रत्येक गोष्टीत ‘मास’ (उकडून, धुरी देऊन वाळवलेला टुना मासा) असतो. आमच्यासाठी त्यांनी चार दिवस नारळाची चटणी आणि भात केला, कुरकुर न करता. त्यांच्या अंगणातल्या वाळूत वांग्याची दोन मरतुकडी रोपं होती. पुरुषोत्तमने हातवारे करून त्यांना आळं कसं करायचं ते शिकवलं. सुखाचे दिवस होते, उगाच खोटं का बोलू.

पाचव्या दिवशी परतायचं होतं. ढग नारळाच्या शेंड्यांवर टेकल्यासारखे खाली आले. विमानानं वर दोन घिरट्या घातल्या आणि ते तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशी आलंच नाही. समुद्र मात्र शांत होता, म्हणून विमानाचे सगळे प्रवासी बोटीच्या जेट्टीवर (धक्क्यावर) येऊन आदळले.

आपल्याकडे असतं तर टेबलं उलटी झाली असती. तिथं एक वयस्कर बाबू टिनाच्या शेडखाली तीन वह्या घेऊन बसला होता. पहिल्या वहीत मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट. दुसरीत, ज्यांच्या घरी तिकडे मयत झाली आहे ते. तिसरीत बाकी सगळे. मोठं जहाज प्रवाळाच्या पलीकडे उभं राहतं, लहान होड्या माणसांना तिथवर नेतात. दुसऱ्या वहीच्या जागा तो बाबू शेवटच्या होडीपर्यंत रिकाम्या ठेवायचा, कोणी कितीही गयावया केली तरी. शाळेतले बाक आणून म्हाताऱ्यांना बसवलं होतं. घराघरातून काळा चहा येत होता. आम्ही तिसऱ्या वहीत, आमच्या आधी दीडेकशे नावं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुरुषोत्तमचा धाकटा भाऊ विलास.

‘भाऊ, बाबा गेले. पहाटे. दादाले सांगू नोका, फक्त सीरियस आहे म्हना. उद्या संध्याकाळलोक ठेवतो आमी. अग्नी त्यानंच द्याव.’

यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडची रीतच ती. प्रवासातल्या माणसाला मयतीची बातमी द्यायची नाही. ‘तब्येत जास्त आहे, लवकर ये’ एवढंच म्हणायचं, म्हणजे तो धडपणे घरी पोचतो. मी स्वतः कितीदा तसे फोन केलेत. मी पुरुषोत्तमला तेवढंच सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गर्दीतून वाट काढत तो बाबूपुढे गेला, मी मागे. आज जहाज मिळालं तर उद्या सकाळी कोची, दुपारी नागपूर, दिवस बुडायच्या आत वडनेर. मी मनात हिशेब जुळवत होतो.

बाबूनं मोडक्या हिंदीत विचारलं, ‘गुजर गये, या बीमार हैं?’

‘बीमार है साब. बहुत सीरियस.’

‘तो तीसरी किताब. परसों का जहाज.’

आणि बाबूनं माझ्याकडे पाहिलं. बाबूनं कितीतरी चेहरे वाचले असतील, माझाही वाचला असणार. एक शब्द बोलायचा होता. पुरुषोत्तमनं माझं मनगट धरलं होतं. वाटलं, आत्ता सांगितलं तर हा इथंच कोसळेल. वाटलं, जागा उरतीलच की. मी गप्प बसलो. मी शहाणा.

त्याला बाकावर बसवून मी एकटा परत गेलो आणि बाबूच्या कानात खरं काय ते सांगितलं. तोवर शेवटची होडी प्रवाळाच्या खिंडीपाशी पोचली होती. तिच्यातल्या दोन जागा रिकाम्या गेल्या होत्या.

बाबू माझ्यावर चिडला नाही. वही मिटत म्हणाला, ‘यहाँ मौत पहले बताते हैं. पहले क्यों नहीं बोला?’

मी विलासला कळवलं. तो म्हणाला, आता दादाले सांगून काय करशान, दोन दिवस कसा काढीन तो तिथं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अंत्यसंस्कार उरकले. अग्नी विलासनं दिला.

त्याच दुपारी जेट्टीवर बसल्या बसल्या पुरुषोत्तमनं घरी फोन लावला. म्हणाला, बाबांच्या कानाले लाव. आणि मग तो बोलत राहिला. मी येऊन राह्यलो, थांबजा. तुमचं आयकून आलो, नाई यायले पाहिजे होतं. मागच्या साली वावरात तुमच्यावर वरडलो ते मनात धरू नोका. मी समुद्राकडे तोंड करून उभा होतो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही.

तिसऱ्या वहीतून नंबर लागला. जहाजानं कोची, तिथून विमानानं नागपूर. वडनेरला उतरलो तर अंगणात सतरंजी अंथरलेली, विलासचं डोकं भादरलेलं. पुरुषोत्तम दारातच थांबला. रडला नाही. आधी तारीख विचारली, मग वेळ. मग माझ्याकडे वळला.

‘तुले ठाऊक होतं?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘जेट्टीवर. वहीच्या आधी.’

त्यानं मान हलवली आणि विलासला विचारलं, ‘मंग फोनवर मी कोनासंग बोललो?’

‘माह्यासंग, दादा,’ विलास म्हणाला.

लोक दुकानात येऊन विचारतात, समुद्र कसा होता. मी सांगतो, छान होता, जाऊन या. खरं म्हणजे मला तो बाबूच आठवतो. त्याच्या वहीत मरणाला जागा होती, आणि आम्ही माया म्हणून ते लपवलं. थोरल्या पोराच्या हातचा अग्नी बापाला मिळाला असता. तो मिळाला नाही, तो माझ्यामुळे. हे मी कोणावर ढकलत नाही.

पुरुषोत्तम अजून येतो. हिंगणघाटच्या बाजाराचं काम आटोपून वर्ध्याला आला, की दुकानात चहा घेतो. पण मी काहीही सांगितलं, टमाटरचा भाव का असेना, तो कप खाली ठेवतो आणि विचारतो, ‘खरं सांगून राह्यला न?’