भाऊच्या बकऱ्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याला माझ्या घरी भाजी निवडत बसले होते. "ताई, ऊन चढलं, बकऱ्या वरडून राह्यल्या, अन् तुमचे भाऊ उठूनच नाई राह्यले," एवढंच ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. मी काय ते समजले... केळझरजवळच्या त्यांच्या शेतावर पोचले, तर भाऊ अंगणातल्या बाजेवर निजल्यासारखा पडलेला. झोपेतच गेला. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मला त्यात काही चांगलं दिसलं नाही, अजूनही दिसत नाही.

मोजक्याच बकऱ्या, पण भाऊचा जीव शेतीपेक्षा त्यांच्यातच. सकाळी बाजेवर बसून तो बकरीच्या दुधाचा चहा प्यायचा, तेव्हा पिल्लं मांडीवर चढून त्याच्या शर्टाची बटणं चघळत. तो कप उंच धरून पीत राही, पण त्यांना हाकलत नसे. संध्याकाळी बाभळीच्या शेंगांचं घमेलं त्यांच्यापुढे ओतायचा आणि नुसता ऐकत उभा राहायचा. "आयक सुमन, कशा कुडूमकुडूम खाऊन राह्यल्या," म्हणायचा. सगळ्यात भांडखोर बकरीला त्यानं माझंच नाव ठेवलं होतं आणि पाहुण्यांदेखत तिला हाक मारायचा. मी चिडले की मान खाली घालून हसायचा. आता मला चिडवणारं कुणी उरलं नाही.

एक मात्र त्याचं चुकलंच. धार काढायला त्यानं कधी कुणाला हात लावू दिला नाही, वहिनीलासुद्धा नाही. तो गेल्यावर ती भांडं घेऊन बसली की बकऱ्या लाथा झाडायच्या, पान्हा चोरायच्या. भाऊचा मुलगा नितीन नागपूरला नोकरीला. तो म्हणाला, "आई, त्या तुले जवळ येऊ देत नाईत. विकून टाकू अन् तू माह्यासंगं चाल." वहिनीला ते शेत सोडायचं नव्हतं.

तेरवीनंतर गेलेल्याचे कपडे आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. नितीननं सगळे वाटून टाकले. फक्त धार काढताना घालायचा जुना चौकड्यांचा शर्ट गोठ्यात खिळ्याला राहून गेला. दुसऱ्या दिवशी वहिनीनं तो लुगड्यावर चढवला आणि बकरीशी बसली. बकरीनं बाही हुंगली, उभी राहिली, पान्हा सोडला. नितीन दारातच थबकला.

"आई, काढ तो. गेलेल्या माणसाचा कपडा हाय."

"बकरीले काय माईत, ते गेले म्हणून?"

नितीन दारातूनच मागे फिरला. एकटाच नागपूरला गेला.

परवा मी मुक्कामाला गेले. सकाळी गोठ्यात वाकून पाहिलं, तर वहिनीपुढे भांडं भरलेलं आणि शर्ट खिळ्यालाच. मला बरं वाटलं. म्हटलं, "वहिनी, जमलं तुमाले. आता कोणी नेत नाई नागपूरले." तिनं भांडं बाजूला ठेवलं आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

"शर्ट घालाचा भुललीच मी, ताई... तरी उभी राह्यली थे. बकऱ्यायलेबी समजलं, ते आता येत नाईत."

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ती धार काढत होती. अंगात तो शर्ट होता. बकरीला त्याची गरज उरली नव्हती.