काचेची उभी कड

सरड्याचं घर मी माझ्या हातानं बनवलं. एक मित्र बदली होऊन पुण्याला गेला, जाताना त्याचा ऑस्ट्रेलियन सरडा कागदपत्रांसकट अमरावतीत माझ्याकडे सोडून गेला. प्लायवूडची पेटी केली, पुढे प्लास्टिकच्या पट्टीत सरकणाऱ्या दोन काचा. काचा कापून झाल्यावर काचवाल्यानं विचारलं, "धार मोडून देऊ का? तासभर लागेल."

मी नको म्हटलं. वरची-खालची कड पट्टीतच जाणार होती. उभी कड मात्र उघडी राहणार होती, आणि दार सरकवताना बोटं तिथंच लागणार होती. हे तेव्हा सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. कंटाळा केला.

आई गेल्यापासून मी एकटाच राहायचो, म्हणून थोरली बहीण अधूनमधून चांदूर बाजारहून यायची. सरड्याला ती भ्यायची, त्याच्या खोलीत पाऊलही टाकत नसे. त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो, तर ती ओट्याशी उभी. उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, पदर लाल. खोलीच्या दारातून सरड्याची वाटी कोरडी दिसली म्हणून पाणी ठेवायला ती आत गेली होती आणि पेटीचं काचेचं दार तिनं जोरात ढकललं होतं.

"काही नाही, काही नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

दवाखान्यात जाताना, रिक्षात, तिनं माझा दंड धरला. "विळी लागली म्हनून सांगजो. खरं सांगितलं त हे तुले बोलतील, अन् त्या मुक्या जीवाले घराबाहीर काढाले लावतील."

"पन बाई..."

"माही आन हाय तुले."

आतली नस तुटली होती. टाके पडले, जखम भरली, पण तर्जनी पुन्हा वाकली नाही आणि टोकाला काही कळेनासं झालं. भाऊजी तिला न्यायला आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. कोपऱ्यातली आईची विळी उचलली आणि गल्लीत आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकली. मी दारात उभा राहून बघितलं.

त्यानंतर काचा काढल्या. लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळला, कड ओली करून घासत बसलो. आधी जाडा कागद, मग बारीक. पाण्यात पांढरा गाळ उतरत होता. शेवटी कापसाची वात कडेवरून ओढून पाहिली. एक तंतू अडकला की पुन्हा घासायचं. संध्याकाळपर्यंत एकही तंतू अडकेना. तरी मी थांबलो नाही, कारण हात थांबला की ओट्याकडून तिचं "काही नाही" ऐकू यायचं. अजूनही येतं. भर दुपारी, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे.

बहिणीच्या घरी फुलांची शेती. हार ओवणं तिचंच काम, ते तिनं मधल्या बोटावर नेलं. पण सुई तर्जनीत शिरायची आणि तिला पत्ता नसायचा. निशिगंधाच्या कळीवर लाल ठिपका दिसला की मग ती बोट बघायची. एकदा मी समोर बसलो होतो. तिनं ती कळी बाजूला टाकली, बोट पदराला पुसलं आणि मलाच विचारलं, "चहा घेतं का?"

दोन वर्षांपूर्वी काविळीनं ती गेली. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि शेवंतीच्या वाफ्याजवळ मी भाऊजींना सगळं सांगितलं. काच, कड, काचवाल्याला दिलेला नकार, रिक्षातली आण. वाटलं होतं, ते शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या.

ते बराच वेळ बांधावरची माती पायानं सारखी करत राहिले.

"सा वर्सं," ते म्हणाले. "रोज रात्री त्या बोटाले मी तेल लावून देत होतो. मंग मले कावून नाही सांगितलं तिनं?"

त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ टाचेनं फोडलं.

"मी तसा मानूस होतो का, बापू? सरडा फेकाले लावला असता मी?"

मी नाही म्हटलं. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते पाइपाचा व्हॉल्व्ह फिरवायला निघून गेले.

फोन केला की ते उचलतात. पीकपाणी विचारलं की सांगतात. तिचं नाव निघालं की "बरं, ठेवतो" म्हणतात.