दोघांपुरता परवाना

मुंजाबाच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असायचं, कॉम्प्युटर चालू असायचा, आणि तरी मुंजाबा हात मांडीवर ठेवून नुसता पडद्याकडं बघत बसायचा. नवख्या माणसाला वाटे, हा आळशी आहे. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

नाटक कंपनी बंद पडल्यावर मी मुकुंदवाडीत राहायला आलो. रोज तोंडाला रंग लावायची सवय लागलेल्या माणसाला रिकामी संध्याकाळ फार मोठी वाटते. मुंजाबाचं 'मल्हार फोटो' हे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पासपोर्टचे फोटो काढायला म्हणून गेलो आणि रोजचाच झालो. तो मला मास्तर म्हणायचा.

मुंजाबा कन्नड तालुक्याकडचा, धनगराच्या घरातला. बापानं मेंढरं राखली, ह्यानं कॅमेरा धरला. अंगानं उंच, आणि आवाज असा की रंगमंचावर उभा केला असता तर पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "राहून गेलं."

दुकान मूळचं दोघांचं; ती हकीकत मला मागाहून कळली. दुसरा हनुमान, त्याच्याच गावचा, त्याच्याच सोबत मेंढरांमागं वाढलेला. फोटो मुंजाबा काढी, बोलायचं काम हनुमानाचं. फोटो सुधारायचा प्रोग्राम तेव्हा सगळे स्टुडिओवाले कुठून तरी चोरून उतरवून घ्यायचे. हनुमान म्हणाला, "देवाच्या नावाचं दुकान हाय लेका, चोरीचा माल इथं नको." मग त्यांनी रीतसर परवाना घेतला. नियम असा होता की एका परवान्यावर दोनच कॉम्प्युटर चालणार, आणि तेही एका वेळी एकच. दुकानात एक ठेवला, हनुमानाच्या खोलीवर एक. कॉम्प्युटरला नाव द्यायची वेळ आली तेव्हा हनुमाननं दोन्हींना एकच दिलं, मल्हार. "दुकान एक, तर नावं दोन कशाला?"

त्या वर्षांत गावांत पाणी नव्हतं. माणसं शहरात येत होती, बायपासच्या अंगानं पत्र्याच्या खोल्या वाढत होत्या, टँकर दिसला की बायका भांडी घेऊन धावत होत्या. अशा वस्तीत म्हातारी माणसं मरायची, आणि दहाव्याला ठेवायला त्यांचा फोटो नसायचा. मग कुणी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवायचं. मुंजाबा तेवढा माणूस कापून घेई, मागं निळं आभाळ टाकी, अंगात कोट घाली, डोक्याला गुलाबी फेटा बांधी, सुरकुत्या कमी करी. आमच्या कंपनीचा रंगवाला काय करत होता? हेच. लोक खूश व्हायचे. "बाप साहेबावाणी दिसतोय," म्हणायचे.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात हनुमानाचा बाप वारला. फोटो मुंजाबानं स्वतःहून केला. आयुष्यात एवढं जीव लावून त्यानं काम केलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते; एकेक व्रण त्यानं पुसला. तिरका डोळा सरळ केला. जरीचा फेटा बांधला. दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर, त्यानं फोटोवरचं कापड काढलं.

हनुमान फोटोच्या जवळ गेला. मग म्हणाला, "हा कुणाचा बाप आणलास रं?"

कुणीतरी हसलं. मुंजाबा हळूच म्हणाला, "नीट केला."

"नीट केला? माझा बाप काय बिघडला व्हता व्हय? त्याच डोळ्यानं त्यानं तुला नि मला राखलं."

त्याच आठवड्यात हनुमाननं खोली सोडली, बायको आणि मुलगी तनुजाला घेऊन कन्नडला गेला आणि तिथं बाजारात फोटोचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर बरोबर नेला. फोन बंद, निरोप बंद.

परवाना मात्र दोघांचा एकच राहिला, मुंजाबाच्या खात्यावर. आणि आता त्या मांडीवर हात ठेवून बसण्याचं कारण सांगतो. मुंजाबा कामाला लागे आणि पडद्यावर पाटी येई की हा प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरू आहे. खाली एक बटण असे. ते दाबलं की तिकडचं बंद, इकडचं चालू. मुंजाबानं ते बटण कधी दाबलं नाही.

"हनुमान कामावर हाय," तो म्हणायचा, आणि त्या दिवशी त्याचा चेहरा उजळलेला असायचा.

गिऱ्हाईक वैतागे. शेजारची आवडाबाई, पापडवाली, टोमणा मारी, "मुंजाभाऊ, नवऱ्याच्या वाटेकडं डोळे लावून बसल्यावाणी काय बसता?" तो हसायचा आणि पाटी जायची वाट बघायचा. पाटी आलीच नाही तर मात्र बेचैन. "आज उघडला नाय त्यानं. आजारी तर नसंल?" मी म्हणायचो, फोन कर. तो मान हलवायचा. दुसऱ्याच्या श्वासाचा आवाज भिंतीपलीकडून यावा आणि तेवढ्यावर माणसानं जगावं, तसं त्याचं चाललं होतं.

अशी वर्षं गेली. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, नळाला पाणी मात्र आठवड्यानंच येत राहिलं. दोन हजार तेवीसला पाऊस पुन्हा रुसला, आणि त्याच पावसाळ्यात दुकानातला जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आणला. त्याच्यावर प्रोग्राम उघडला तर पडद्यावर आलं, दोन जागा भरलेल्या आहेत, एक मोकळी करा. खाली यादी होती.

मल्हार. मल्हार.

मुंजाबा मला म्हणाला, "मास्तर, ह्यातला मेलेला कोणता नि जिता कोणता?"

दोन दिवस नवा कॉम्प्युटर तसाच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी एक बाई सासऱ्याच्या फोटोसाठी रडत आली. मुंजाबानं वरचा मल्हार काढून टाकला आणि काम करून दिलं.

पुढं पाटी आली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. प्रोग्राम केव्हाही उघडावा, लगेच हजर. एखाद्या नटाला रिकाम्या नाट्यगृहात हवा तेवढा वेळ बोलायची मुभा मिळावी, तसं ते होतं. मुंजाबानं जेवण सोडल्यासारखंच केलं. "मी त्याला भाईर काढला," एवढंच बोलायचा.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्याला नंबर ओळखू येईना. मीच फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"मुंजाकाका का? मी तनुजा बोलते, कन्नडहून. आमचा प्रोग्राम बंद पडलाय. पासवर्ड मागतोय."

"तुझा बाप कुठं हाय?"

"हाईत ना दादा, इथंच बसलेत."

"मग त्यालाच इचार. पासवर्ड बदलला नाय मी."

"काका, दादांना दिसत नाय आता. साखरेनं डोळे गेले. चार वर्षं झाली, दुकान मीच बघते."

म्हणजे गेली चार वर्षं मुंजाबा ज्याच्यासाठी थांबत होता ती ही मुलगी होती. मग त्यानं यादी उघडली, उरलेला मेलेला मल्हार काढला, आणि म्हणाला, "जागा केली बाळा. कर आता सुरू. त्याला म्हणावं, बोलतो का?"

पलीकडं कुजबुज झाली. "नाय म्हणतेत, काका."

"बरं."

"पण पासवर्ड..."

तेवढ्यात मागून एक घोगरा, थकलेला आवाज आला. मुलीला म्हणाला, "सारजाचहा लिही. इंग्रजीत. पयलं अक्षर मोठं. मधी जागा सोडू नको."

सारजाबाई आमच्या चौकात चहा विकायची, हे दोघं तिचे रोजचे. ती जाऊनही फार वर्षं झाली.

मुंजाबानं फोन टेबलावरून उचलून कानाला घट्ट लावला. मला पुढचं ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "उघडलं? बरं झालं. त्याच्या डोळ्यांत थेंब टाकत जा." आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "अरे, कन्नडची गाडी काय दूर आहे? ऊठ, मी येतो तुझ्याबरोबर."

"मला नाय बोलला तो, मास्तर. पोरीला बोलला."

मग तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आवडाबाईनं पापड आत घेता घेता त्याच्याकडं पाहिलं, आणि त्या दिवशी काही म्हणाली नाही.