बाबांच्या वाट्याचा उजेड

बाबांची सगळी नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात गेली. तीन पाळ्या, कंपनीची बस, कपड्यांवर कोळशाची धूळ. पण तिथली वीज कोणाच्या घरात जाऊन पडते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रिटायर झाले, छातीनं दगा दिला, आणि मग त्यांचा एकच धोशा, "एखाद्याच्या घरी पयला दिवा लागताना मले पाहाचा हाये."

मी गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात शिक्षिका. गावात विजेच्या तारा आल्या तशी मी बाबांना बोलावून घेतलं. ज्या म्हाताऱ्या बाईकडे मी भाड्यानं राहते, तिच्या घरात मीटर बसलं, बल्ब लटकला, आणि बटणाला कोणी हात लावेना!

"पंडुम झाला नाई ना," बाई म्हणाली.

पंडुम म्हणजे नव्याचा सण. आंबा असो की मोहफूल, देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना वाटा दिल्याशिवाय इथं नवं काही कोणी तोंडात घालत नाही. गावानं ठरवलं, विजेचंही तसंच. पंडुम आठ दिवसांनी. बाबांना तर चौथ्या दिवशी चंद्रपूरला डॉक्टरांकडे जायचं होतं.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, वीज काय झाडाला लागते? कारखान्यात होते ती!"

बाबा हसले, खोकले, आणि दम खात खात सांगू लागले. ट्रेनिंगला एका साहेबांनी शिकवलं होतं म्हणे, इलेक्ट्रिक हा शब्द मुळात झाडाकडूनच आलाय. झाडाचा चीक मातीत युगानुयुगं पडून राहिला की त्याचा पिवळा दगड होतो. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणत. तो लोकरीवर घासला की वाळकी काडी आपोआप येऊन चिकटते. त्या ओढीला नाव पडलं या दगडावरून, आणि पुढं विजेलाही तेच.

बाई उठून आत गेली. देवापुढं जाळायला ठेवलेला सालईच्या झाडाच्या डिंकाचा जुना, खडखडीत खडा घेऊन आली. बाबांनी तो घोंगडीवर घासला, घासला, घासतच राहिले. दुपारच्या उन्हात सावरीच्या कापसाची एक तार तरंगत होती. ती हळूच वळली आणि खड्याला येऊन बिलगली.

"अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टीलेबी इंग्रजीत इलेक्ट्रिकच म्हणते," बाबा पुटपुटले.

"मंग झाडाचंच झालं ना, मॅडम," बाई म्हणाली. "आता तं पंडुम पाह्यजेच."

घ्या! मीच तोंडघशी पडले.

बाबा डॉक्टरांची तारीख चुकवून थांबले. मी भांडले, रडलेसुद्धा. "अवं, जलमभर थांबलो, चार दिवसानं काय होते?" हेच त्यांचं उत्तर.

पंडुमाच्या संध्याकाळी देवाचा वाटा झाला, पूर्वजांचा झाला. मग बाईनं बाबांचा हात धरून बटणावर ठेवला. "ज्यानं आणलं त्याचा हात पयला, भाऊ." दिवा लागला. बाबा दिव्याकडे बघतच नव्हते. त्या उजेडात ते बाईचं तोंड बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. एवढं सुखी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

पुढचा उन्हाळा बाबांनी पाहिला नाही. त्या चार दिवसांनी काही बिघडलं का, हे डॉक्टरांना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

त्यानंतरच्या पंडुमाला बाईनं संध्याकाळी बटण दाबलं आणि लगेच बंद केलं. घर अंधारात. थोडं थांबून पुन्हा दाबलं.

मी वैतागून म्हटलं, "काऊन खेळता बटणाशी?"

"खेळत नाई, मॅडम. पयले भाऊचा वाटा देल्ला."