व्याजासकट

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत कविता शिकवतात. राग आला की त्या भांडत नाहीत, गप्प बसतात. त्या गप्प बसल्या की आमचे भाऊजीसुद्धा ताटावरून लवकर उठतात.

गेल्या वर्षी हेडमास्तरांनी त्यांच्याकडून दहावी काढून घेतली आणि आपल्या मेहुण्याला दिली. मेहुणा तोवर खेळाच्या तासाला शिट्टी फुंकत होता. जाऊबाईंचे अलंकार मुलांना जन्मभर विसरता येत नाहीत. "आई वाघिणीसारखी आहे, ही उपमा. आई वाघीणच आहे, हे रूपक. आणि यात अतिशयोक्ती नाही, हे घरी गेल्यावर कळतं."

"मला माझी दहावी परत हवीय," त्या मला म्हणाल्या, "आणि या मेहुण्याची चारचौघांत फजिती बघायचीय." मला बाई आवडलं ते.

मेहुण्याने वर्गात व्याजस्तुती शिकवायला घेतली. इथे व्याज म्हणजे ढोंग; वरून स्तुती आणि आतून निंदा. पण या गृहस्थाला व्याज म्हटल्यावर बँकच आठवली. "मुद्दलापेक्षा जास्त केलेली स्तुती, ती व्याजस्तुती," त्याने ठोकून दिलं. मुलं नववीत जाऊबाईंकडेच शिकलेली. ती धावत आली. "बाई, सांगू का सरांना?"

"खबरदार!" जाऊबाई म्हणाल्या.

त्याच सुमारास संस्थेने हेडमास्तरांचा सत्कार ठरवला. मानपत्राचं काम जाऊबाईंनी मागून घेतलं. लिहिलं, "सरांनी शाळेला कायम आपलं घर मानलं. दुसऱ्यांच्या श्रेयाचा भारही ते एकटेच उचलतात." मग कागद मेहुण्यापुढे धरला. "तुम्ही आता दहावीचे शिक्षक. अलंकार कोणता, बघा बरं."

"व्याजस्तुती!" तो खूश झाला. "अगदी भरघोस!"

"मग हे तुम्हीच स्टेजवर सांगा ना."

त्याने सांगितलं की! माइकवरून, संस्थेच्या अध्यक्षांसमोर मानपत्र वाचलं आणि वर म्हणाला, "बाईंनी सरांची व्याजस्तुती केली आहे, आणि सर तिला पूर्णपणे पात्र आहेत." मी पालकांच्या रांगेत होते. दहावीची मुलं आधी खुसखुसली, मग खो खो हसत सुटली. अध्यक्षांनी पुढच्या मुलीला विचारलं, "काय झालं गं?" तिने उभं राहून अर्थ सांगितला, बाईंनी शिकवलेला. अध्यक्षांनी मानपत्र मागून घेतलं, पुन्हा वाचलं, ‘घर’ या शब्दावर थांबले आणि मेहुण्याकडे बघत राहिले. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. मला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

सोमवारी दहावी जाऊबाईंकडे आली. हेडमास्तर स्टाफरूमच्या दारात येऊन पुटपुटले, "बाई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

जाऊबाईंनी खडू उचलले. "छे हो, सर. मी नुसती स्तुती केली. व्याज तुमच्या मेहुण्यांनी लावलं."